हस्तांतर

चाकं जमिनीला लागली आणि विमान चेंडूसारखं पुन्हा वर उसळलं. दुसऱ्यांदा आदळलं, तिसऱ्यांदा आदळलं, तेव्हा कुठे ते धावपट्टीला चिकटलं. डाव्या सीटवर हर्षाली गिरासे दातओठ खात बसली होती. उजव्या सीटवरचे कॅप्टन अच्युत मोघे शांतपणे म्हणाले, "तीन वेळा उतरलो आपण. वहीत मात्र एकदाच लिहायचं."

हर्षालीला हसू आलं नाही. तिचे अठ्ठावीस तास झाले होते. नेरखेड्याच्या उड्डाण विद्यालयाचा नियम साधा होता. तीस तासांच्या आत विद्यार्थ्यानं एकट्यानं विमान उडवून, एकट्यानं उतरवून दाखवायचं. जमलं तर पुढे चाल, नाही तर सामान बांधून घरी. तिच्या तुकडीतले बाकीचे अकराही जण एकटे उडून आले होते. ती तेवढी राहिली होती.

वर आकाशात ती कुणाला हार जायची नाही. वळणं चोख, रेडिओवरचं बोलणं चोख, नकाशा तर तोंडपाठ. अडत होतं ते शेवटच्या दहा फुटांत. जमीन जवळ आली की स्टिक हळूहळू ओढून विमानाचं नाक उचलायचं असतं. किती आणि केव्हा, हे कुठल्या आकड्यात मांडता येत नाही. लवकर ओढलं तर विमान फुगून वर जातं आणि मग धपकन पडतं. उशिरा ओढलं तर नाक आपटतं. हर्षाली लवकर ओढायची. दर वेळी.

"सर, मला कळतं सगळं. हाताला कळत नाही," विमानातून उतरताना ती म्हणाली. 

मोघे सरांनी वहीत वेळ टिपली. ते चौसष्ट वर्षांचे होते. चाळीस वर्षं त्यांनी लहान विमानं चालवली होती. कधी केळीच्या बागांवर फवारणी, कधी डोंगरातल्या दवाखान्यांतून रुग्ण आणणं. अशी हातानं विमान उडवणारी माणसं आता राहिली नव्हती. मोठी विमानं स्वतःची स्वतः उडत, स्वतःची स्वतः उतरत. पुढे बसलेला वैमानिक नुसता राखणदार. मग लागोपाठ दोन मोठे अपघात झाले. यंत्रणा बंद पडली आणि राखणदारांना हातानं विमान उतरवता येईना. तेव्हापासून कायदा आला की परवाना हवा असेल तर सगळं हातानं करून दाखवायचं. शिकणारे झाले हजारो आणि शिकवणारे उरले मूठभर. त्यातही मोघे सरांना चार वर्षांपासून कुणी फारसं विचारत नव्हतं, कारण मुलांना सिम्युलेटर आवडायचा. हर्षालीच काय ती रोज वही घेऊन त्यांच्या खोलीच्या दारात उभी असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी तिला बोलावलं. खोलीत पुण्याहून आलेल्या डॉ. मैथिली उपासनी बसल्या होत्या. टेबलावर जाळीची एक राखाडी टोपी होती.

या टोपीची बातमी विद्यालयात महिनाभर फिरत होती. मुलं चेष्टेत म्हणायची, पुण्याची मंडळी आपल्याला टोपी घालायला येणार.

उपासनीबाईंनी समजावून सांगितलं. "सायकल शिकलेला माणूस वीस वर्षांनी सायकलवर बसला तरी पडत नाही. का? त्याला विचारलं तर सांगता येणार नाही. ही आठवण शब्दांची नसते. ती इथे असते." त्यांनी मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला हात ठेवला. "लहान मेंदूत. सुतार, तबलजी, शिंपी, वैमानिक, सगळ्यांचे हात इथून चालतात. आता, आठवण म्हणजे दगडावरचा लेख नव्हे. ती लाखेसारखी असते. वापरली की मऊ होते आणि मग काही तासांत पुन्हा घट्ट बसते. सर विमान उतरवत असताना ती मऊ असते. टोपी तिला थोडा जास्त वेळ मऊ ठेवते आणि तिचा ठसा घेते. मग तीच टोपी तू घालायचीस, उभ्या विमानात त्याच सीटवर बसायचं, तेच करायचं. सौम्य चुंबकीय लहरींनी तो ठसा तुझ्या मेंदूवर उमटतो. चार दिवस लागतात."

"म्हणजे सरांचा हात मला मिळणार?"

"हस्तांतर म्हणतो आम्ही त्याला. शब्दशः."

मग त्यांनी सरांकडे वळून वय विचारलं. चौसष्ट ऐकल्यावर त्या जरा थांबल्या. "आमचे सगळे दाते पंचेचाळीसच्या आतले होते. वरच्या वयाचे आकडे आमच्याकडे नाहीत. ठसा घेतल्यावर मूळ आठवण पूर्ववत घट्ट होते, असं आत्तापर्यंत दिसलंय."

"मग वरच्या वयाचे आकडे मी देतो," सर म्हणाले. "हिच्याकडे दोन तास उरलेत, बाई. आकड्यांची वाट कुठे बघता?"

प्रत्येक ठशानंतर एक कागद भरायचा होता. दात्याच्या हालचालींत काही फरक जाणवतो का? हो की नाही. खाली सरांची सही. कागद भरायचं काम हर्षालीकडे आलं. पहिल्या कागदावर तिनं 'नाही' लिहिलं आणि ते अगदी खरं होतं.

पाचव्या दिवशी तिनं विमान उतरवलं. दहा फुटांवर तिच्या मनात जुनीच भीती दाटली, पण हात भ्याले नाहीत. ते आपोआप थांबले, मग आले, मग पुन्हा थोडे आले. चाकं टेकल्याचा नुसता हलका आवाज झाला. मोघे सर समोर बघत होते. "पुन्हा," ते म्हणाले. तिनं पुन्हा उतरवलं. चौथ्या वेळी त्यांनी धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला सांगितलं, पट्टा सोडला आणि खाली उतरले. "माझं वजन नसेल आता. विमान चटकन उचलेल, घाबरू नकोस," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

एकटीनं मारलेला तो फेरा सात मिनिटांचा होता. उतरल्यावर तिनं पहिला फोन आईला केला. आई शिंदखेडा आगाराची कंडक्टर, धुळ्याच्या गाडीवर ड्यूटी करत होती.

"काय व्हयनं?" आईनं घाबरून विचारलं.

"एकटी उडाली मी, माय."

फोनमधून गाडीची घंटी दोनदा ऐकू आली. त्यामागून आईचा आवाज आला, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा, "मन्ही पोर इमान उडाडी ऱ्हायनी!"

पुढचं वर्ष भराभर गेलं. व्यावसायिक परवान्याला दोनशे तास आणि हातानं करायच्या कितीतरी गोष्टी लागतात. त्यांतल्या काही हर्षाली स्वतः घाम गाळून शिकली. पण जिथे अडलं तिथे टोपी होती. बंद इंजिनानं शेतात उतरणं हा दुसरा ठसा. आखूड धावपट्टी तिसरा. विमान गिरक्या खात खाली जाऊ लागलं तर सावरणं चौथा. त्यानंतर आणखी दोन. सरांनी कधी नाही म्हटलं नाही. उलट त्यांच्या चालण्यात एक नवी ऐट आली होती. इतर विद्यार्थीही आता त्यांच्या खोलीकडे वळत. ते सगळ्यांना बोलून शिकवत, ठसा मात्र हर्षालीलाच देत. "मी काही पाणपोई नाही," ते म्हणत.

हर्षालीच्या लक्षात पहिल्यांदा आली ती त्यांची सही. चौथ्या कागदावरचा 'मोघे' जरा वाकडा होता. पाचव्यावर 'घ'चा फाटा सुटला होता. मग एक दिवस ते शर्टाचं वरचं बटण लावताना दोनदा चुकले आणि तिसऱ्यांदा त्यांनी ते तसंच उघडं सोडलं. मग एकदा विमान उतरवताना ते थोडं उसळलं. थोडंच.

"वाऱ्याचा झोत आला," सर म्हणाले.

धावपट्टीच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी असते. ती खांबाला लगटून मेल्यासारखी लोंबत होती. हर्षालीनं ती पाहिली आणि दुसरीकडे बघितलं. सहाव्या कागदावर तिनं 'नाही' लिहिलं.

मार्चच्या अखेरीला परीक्षेची तारीख कळली, मेमधली. वैशाखात खानदेशात वारा आडवा सुटतो. मातीचे लोट उठतात आणि विमान धावपट्टीवरून बाजूला ढकललं जातं. अशा वेळी एक पंख वाऱ्याकडे झुकवून, पायानं विरुद्ध रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, देऊन, एका चाकावर उतरावं लागतं. हर्षालीला ते येत नव्हतं. तिनं दोन आठवडे प्रयत्न केले. तिसऱ्या आठवड्यात ती चिडून रडली. परीक्षेला एकवीस दिवस उरले होते.

त्या रविवारी कुंदाकाकूंनी, म्हणजे मोघे सरांच्या पत्नीनं, तिला जेवायला बोलावलं. विद्यालयामागच्या वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. डाळिंब्यांची उसळ होती, आमसुलाचं सार होतं. जेवण झाल्यावर सर अडकित्ता घेऊन सुपारी कातरायला बसले. बोलता बोलता, न बघता कातरायची त्यांची सवय होती. अर्ध्या मिनिटात त्यांच्या अंगठ्यातून रक्ताची धार लागली.

"अहो, बघा तरी!" काकू हळद आणायला धावल्या. अंगठा बांधताना त्या हर्षालीकडे वळून म्हणाल्या, "हे तिसऱ्यांदा झालं या महिन्यात. चपलेचा बंदही मीच लावते आता. वय झालं, दुसरं काय!"

सर हसले. हर्षालीही हसली. मनात मात्र ती मोजत होती. सुपारी, सही, बटण, बंद. हे सगळं हातांचं होतं. लाख मऊ होत होती आणि पुन्हा घट्ट बसत नव्हती. हे कळायला उपासनीबाईंची गरज नव्हती. त्यांचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. वसाहतीतून वसतिगृहापर्यंत चालत जाताना तिनं तो दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला. फोन केला असता तर ठसे त्याच दिवशी थांबले असते.

सोमवारी सकाळी ती सरांच्या दारात उभी राहिली. "सर, आडव्या वाऱ्याचा ठसा द्याल?"

सरांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "टोपी आण," ते म्हणाले.

त्या दुपारी वारा असा होता की वसाहतीतले पत्रे वाजत होते. मोघे सरांनी अकरा वेळा विमान उतरवलं. एक पंख खाली, एक चाक आधी, मग दुसरं, मग नाकाखालचं. हर्षाली शेजारी बसून पाहत होती. इतकं देखणं उतरणं तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. संध्याकाळी तिनं सातव्या कागदावर 'नाही' लिहिलं. सरांना सहीच जमेना. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "अंगठा बांधलाय ना, म्हणून." मग त्यांनी डाव्या हातानं एक रेघ ओढली.

परीक्षेत हर्षाली पहिली आली. परीक्षक म्हणाला, अशी उतरण हल्ली बघायला मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन गेली तेव्हा सर आनंदानं म्हणाले, "चल, एक फेरा मारू. आज तू पाहुणी. उतरवतो मी."

सकाळ निवांत होती. वारा नव्हता. विमान धावपट्टीकडे सरळ येत होतं, वेग बरोबर, उंची बरोबर. सरांच्या डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. ते नेहमीसारखे तोंडानं म्हणत होते, "पन्नास फूट. तीस. वीस. आता नजर पुढे. आता हळूच..."

आणि हात आला नाही.

स्टिक त्यांच्या मुठीत होती. मूठ तशीच राहिली. जमीन वर येत होती. हर्षालीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भीती नव्हती तिथे. हाक मारावी आणि घरात कुणी नसावं, तसा तो चेहरा होता.

"सर, कंट्रोल माझ्याकडे!"

तिनं स्टिक ओढली, पॉवर दिली. चाकं एकदा जोरात आपटली, विमान उसळलं, आणि पुढचं तिच्या हातांनी केलं. विमान थांबलं. पंखा थांबला. मोघे सरांनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते. ते त्या हातांकडे बघत होते.

"मला माहीत होतं काय करायचं," ते म्हणाले. "शब्द न् शब्द माहीत होता."

त्या दुपारी हर्षालीनं उपासनीबाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, दोन दिवस तपासण्या केल्या आणि मान खाली घालून बसल्या. म्हातारपणी मेंदूतली लाख मऊ होते, पण घट्ट व्हायला जे लागतं ते पुरेसं तयार होत नाही. प्रत्येक ठशाबरोबर थोडं वाहून गेलं होतं, आणि उतरण्याच्या आठवणीला लागून ज्या इतर आठवणी होत्या त्याही ओघळल्या होत्या. शब्द, चेहरे, हिशेब, नकाशे सगळं शाबूत होतं. फक्त हात रिकामे झाले होते. उलटा प्रयोगही करून पाहिला. हर्षालीचा ठसा घेऊन तो सरांना दिला. तो सकाळी उमटायचा आणि संध्याकाळपर्यंत पुसला जायचा. तीन वेळा केलं. चौथ्या वेळी सरच म्हणाले, "पुरे."

टोपी देशभर बंद झाली. चौकशी झाली. समितीनं कागद पाहिले, सातही कागदांवर 'नाही' होतं. "दात्यानं लपवलं असावं," असा निष्कर्ष निघाला. हर्षालीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला तेव्हा कळलं नाही." तिचा परवाना कायम राहिला, कारण परीक्षेत विमान तिनंच उडवलं होतं. मोघे सरांचा परवाना गेला.

विमान कंपनीची नोकरी चालून आली होती. ती हर्षालीनं घेतली नाही. आईला तिनं सांगितलं की आधी तास वाढवायचेत. ती नेरखेड्यालाच शिक्षिका म्हणून राहिली आणि पहिल्या पगाराच्या आधीच मोघे सरांच्या घरी गेली.

"सर, दर गुरुवारी माझ्याबरोबर वर चला. शिक्षक शेजारी असेल तर कुणीही हात लावू शकतं. पहिल्या धड्यापासून सुरू करू."

सरांनी खिडकीतून वर पाहिलं. मग म्हणाले, "डावी सीट देशील?"

अशी ती गुरुवारची शिकवणी सुरू झाली. पहिल्या गुरुवारी सरांनी विमान सरळ धरायचा प्रयत्न केला आणि ते दारुड्यासारखं झोकांड्या खात गेलं. "घट्ट धरू नका सर, दोन बोटं आणि अंगठा," हर्षाली म्हणायची, आणि सर म्हणायचे, "हे वाक्य माझं आहे." ते तिच्या शिकवण्यातल्या चुका काढायचे. "विद्यार्थ्याला आधी चुकू दे. तू फार लवकर हात घालतेस." मग तेच चुकायचे, आणि ती हात मांडीखाली दाबून बसायची. जे आज जमायचं ते पुढच्या गुरुवारी गेलेलं असायचं. तरी कधीतरी थोडं टिकायचं. दिवाळीपर्यंत त्यांना डावीकडे वळता येऊ लागलं. संक्रांतीला ते उजवीकडेही वळले. उतरवायचं नाव दोघांनीही काढलं नाही.

फेब्रुवारीतला एक गुरुवार. हवा स्वच्छ होती. तापीचं पात्र खाली चकाकत होतं आणि त्याच्या दोन्ही काठांनी केळीचे हिरवे पट्टे होते. त्या दिवशी सरांनी विमान अकरा मिनिटं सरळ धरलं. हर्षालीनं घड्याळ लावून पाहिलं. अकरा मिनिटं, एकदाही न ढळता.

"सर, अकरा!"

सरांचा चेहरा फुलला. त्यांनी स्टिक सोडली, तिनं धरली. त्या आनंदात तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, तुम्हाला कधी कळलं होतं?"

काय, ते त्यांनी विचारलं नाही. "चौथ्यानंतर. दाढी करताना. वस्तरा कुठून कुठे न्यायचा ते आठवेना."

"मग थांबला का नाहीत?"

"वाटलं, भरून येईल. विहीर उपसली तरी सकाळी पाणी असतं ना, तसं." ते खिडकीतून खाली बघत होते. "आणि खरं सांगू का? चार वर्षं माझ्या दारात कुणी उभं राहत नव्हतं. तू यायचीस. टोपी नको म्हटलं असतं तर तू आली असतीस का, असं वाटायचं."

हर्षाली गप्प राहू शकली असती. कुणाला कधीच कळलं नसतं. समितीनं फाइल बंद केली होती. पण तिला ते आता गिळवेना.

"मलाही माहीत होतं, सर. सातव्याच्या आधी. सुपारी कातरताना हात कापला ना तुमचा, त्या दिवशी. त्या कागदावर मी जाणूनबुजून 'नाही' लिहिलं."

विजेच्या इंजिनाचा बारीक आवाज तेवढा चालू होता. सरांनी विचारलं, "सहाव्याच्या वेळी?"

"हो."

"पाचव्याच्या?"

"शंका होती."

ते पुन्हा काही विचारणार होते, असं तिला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. मान वळवली आणि म्हणाले, "उतरव आता."

हर्षालीनं विमान धावपट्टीकडे वळवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि समोरची पट्टी धूसर दिसत होती. तरी तिचे हात काही चुकले नाहीत. ते थांबले, मग आले, मग पुन्हा थोडे आले. मोघे सर धावपट्टीकडे बघत नव्हते. ते तिच्या हातांकडे बघत होते. ते हात कुणाचे होते, हे त्या कॉकपिटमध्ये दोघांनाही ठाऊक होतं. चाकं टेकली. सरांनी पट्टा सोडायला मदत घेतली नाही. तो त्यांना सुटेपर्यंत तिनं वाट पाहिली.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. हर्षाली विमानाची बॅटरी चार्ज करून, दार उघडं ठेवून शेडच्या सावलीत बसायची आणि दुपार झाली की दार लावून घ्यायची. त्यांच्या घरी जायचं धाडस तिला झालं नाही.

चौथ्या गुरुवारी वसाहतीकडून कुंदाकाकू येताना दिसल्या. सुती पातळ, खांद्याला पिशवी, डोक्यावर पदर. शेडपाशी येऊन त्या जरा थांबल्या, धाप ओसरू दिली.

"ते यायचे नाहीत," काकू म्हणाल्या. "सांगितलंय त्यांनी मला सगळं. रागावले नाहीत, असं मी खोटं सांगणार नाही. रागावलेत. मीही रागावले होते. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही." त्यांनी पदरानं कपाळ टिपलं. "पण सकाळी उठले की आधी खिडकीपाशी जातात आणि म्हणतात, आज वारा बरा आहे, पोरगी उडेल."

 हर्षालीनं नुसती मान हलवली.

"मी वेगळ्याच कामानं आले," काकू विमानाकडे बघत म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. दर वर्षी ते म्हणायचे, एकदा बस माझ्याबरोबर. मला भीती वाटायची गं. जिन्यावरून खाली बघितलं तरी गरगरतं मला. मी म्हणायची, पुढच्या वर्षी." त्या थांबल्या. "मला नेशील का एकदा?"

हर्षालीनं त्यांना उजव्या सीटवर बसवलं. पट्टा बांधला, पातळाचा घोळ आत नीट खोचला. विमान उचललं तेव्हा काकूंनी डोळे गच्च मिटले होते आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. हजार फुटांवर त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. खाली वसाहतीची घरं काडेपेट्यांएवढी झाली होती.

"त्या दाराशी उभं कोण आहे?" त्यांनी विचारलं.

हर्षालीनं पाहिलं. पांढरा शर्ट घातलेला एक माणूस वर बघत होता.

"सरच आहेत, काकू."

 काचेला कपाळ टेकवून काकू खाली बघत राहिल्या. विमानानं एक मोठा फेरा घेतला, तापीपर्यंत जाऊन ते परत फिरलं. धावपट्टी समोर आली. वेग उतरला, आवाज उतरला. हर्षालीनं नजर दूर टाकली आणि हात मोकळे सोडले.

थोड्या वेळानं काकूंनी विचारलं, "अजून किती वेळ आहे टेकायला?"

"टेकलो, काकू."

"टेकलो? कळलंसुद्धा नाही मला."

"सर असंच उतरवायचे. कुणालाच कळायचं नाही."

विमान शेडपाशी येऊन उभं राहिलं. पंखा थांबला. काकूंनी पट्टा सोडला नाही. त्यांनी हर्षालीचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, पालथा केला, उलथा केला आणि त्याची बोटं एकेक करून चाचपली. मग तो दोन्ही हातांत धरून त्या तशाच बसून राहिल्या.